‘त्रस्त स्केल वन’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘त्रस्त स्केल वन’ (स्केल वन म्हणजे बँकेतला पहिल्या पायरीचा अधिकारी, एवढं कळलं; खरं नाव लिहायला काय हरकत होती कोण जाणे),

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण ‘काका, आयत्या बिळावरच्या नागोबांनी उपदेश करू नये’ अशी सुरुवात करायची आणि खाली ‘राग मानू नका’ लिहायचं, ही कुठली रीत? माझ्या लेखाचं म्हणणं साधं होतं. आमच्या पिढीला बँकेच्या नोकरीत समाधान मिळालं. आजची मुलं प्रोबेशन संपायच्या आत दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरतात. असं का, याचा विचार व्हावा. यात वर्मी लागण्यासारखं काय होतं?

मान्य करण्यासारखं आधी मान्य करतो. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी २०१५ पासून आहे, पण त्यातला एखादा शनिवार विमा पॉलिस्या विकून नोंदवायच्या ‘लॉगिन डे’त जातो, हे तुमचं बरोबर. झालं?

आता ते वाक्य. ‘तुमच्या काळी अकरा ते पाच काम, मध्ये दोन चहा, समाधान नसतं तरच नवल.’

अहो, मी १९८३ साली तालुक्याच्या शाखेत क्लार्क म्हणून लागलो. महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर तेव्हा बचत खात्याचं व्याज धरायचे. जून आणि डिसेंबर आला की प्रत्येक खात्याचं पान उघडा, महिन्या-महिन्याची ती शिल्लक हुडका, बेरीज करा, व्याज काढा, लेजरला चढवा. सगळं हातानं. मग बॅलन्सिंग. सगळ्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य खातेवहीशी, पैशापैशानं जुळायलाच हवी.

एका डिसेंबरात ६३ रुपयांचा फरक राहिला. अकाउंटंटसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘नवानं भाग जातोय. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत.’ लाइट गेलेले. कंदील मध्ये ठेवून आम्ही उलटा आकडा शोधत बसलो. सापडला तेव्हा शेवटची एसटी केव्हाच गेली होती: १८च्या जागी ८१, आणि अक्षर माझंच. त्या रात्री काउंटरमागच्या बाकावर झोपलो. चहा म्हणाल तर दोनावर नक्कीच भागलं नाही.

ओव्हरटाइम मिळाला असेल, असं तुम्ही म्हणायच्या आत सांगतो, मिळाला. पण समाधान ओव्हरटाइमचं नव्हतं. फरक सापडला की काम संपायचं, आणि संपलेलं डोळ्यांना दिसायचं. लेजर मिटताना जो आवाज यायचा तो तुम्ही ऐकलेला नाही, म्हणून ‘दोन चहा’ लिहिता येतं.

तुमचं टार्गेट ३१ तारखेला पुरं झालं तरी १ तारखेला पुन्हा शून्यावर येतं, असं तुम्ही लिहिलंय. येत असेल. टार्गेटं आम्हालाही होती. मार्चमध्ये डिपॉझिटसाठी अडत्यांच्या दारात मीही उभा राहिलोय. विमा आणि म्युच्युअल फंड आम्हाला विकावे लागले नाहीत, खरं आहे, पण प्रत्येक पिढीला काहीतरी असतंच. त्यावर जास्त लिहीत नाही.

राहिली पेन्शन. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना ठरलेल्या पेन्शनऐवजी एनपीएस, म्हणजे बाजारावर अवलंबून असलेली पेन्शन योजना आहे, हे मला शिकवायची गरज नाही. तसं ज्या पगारकरारात ठरलं त्यावर सह्या संघटनांनी केल्या, मी नाही. त्याच करारानं माझ्यासारख्या, पेन्शनऐवजी पीएफमध्ये राहिलेल्यांना पेन्शनचा दुसरा पर्याय मिळाला, हेही खरं. पण तो फुकट नव्हता, त्यासाठी पदरचे पैसे भरलेत आम्ही. आणि सेवेत असलेल्यांचे पगार दर करारात वाढतात, आमची मूळ पेन्शन मात्र निवृत्त झालो त्या दिवशी होती तिथेच आहे. तुमच्या प्रतिक्रियेत याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा ‘पेन्शन आहे म्हणून समाधान’ हा हिशोब मला मान्य नाही, आणि तो विषय इथे पुरे.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘स्वतःच्या मुलीला बँकेत घातलंत का?’ घरच्या माणसांना मध्ये ओढायचं कारण नव्हतं. विचारलंच आहे तर सांगतो, ती हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. बँकेच्या परीक्षेला ती बसली नाही आणि मीही तिला बस म्हणालो नाही. का म्हणालो नाही, हे सांगायला मी तुम्हाला बांधील नाही.