मोजपात्र खरंच दोन मिनिटांत येतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सहावी ते आठवीसाठी बारा दिवसांचा मोजमापाचा सराव’ या लेखाखाली घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका पालकांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग इथे देते:

“मॅडम, मुलांना बारा दिवस पाणी मोजायला बसवण्यात काय अर्थ आहे? मोजपात्र कसं वाचायचं हे दोन मिनिटांत सांगून होतं. आता सगळे प्रयोग मोबाईलवर सिम्युलेशनमध्ये करता येतात. मार्क शेवटी लेखी पेपरलाच आहेत. आणि ज्या लेखात एक मीटरच्या दोलकाचा आवर्तकाल एक सेकंद लिहिलाय, त्याने मुलांना अचूकपणा शिकवावा हे जरा जास्तच झालं.”

आधी दोलक, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवलेला गोळा. ती चूक माझीच. १ मीटर लांबीचा दोलक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे साधारण १ सेकंदात जातो आणि परत पहिल्या जागी यायला २ सेकंद घेतो. आवर्तकाल म्हणजे जाऊन येण्याचा पूर्ण वेळ, म्हणजे २ सेकंद. मी अर्ध्या फेरीचा वेळ लिहून बसले. लेखात दुरुस्ती केली आहे, आणि चूक दाखवलीत म्हणून मनापासून आभार. पण ‘जरा जास्तच झालं’ याची काही गरज होती का? चूक एका ओळीत सांगता येते. तिच्या आधाराने अख्खा लेख मोडीत काढायचा, याला मी टीका म्हणत नाही.

‘पाणी मोजायला बसवणं’ हे शब्द मला लागले, आणि लागले हे लपवत नाही. लेखात रोज २० मिनिटं लिहिली आहेत. बारा दिवसांचे मिळून ४ तास होतात. त्यातले पाण्याचे दिवस फक्त चार. बाकीच्या दिवसांत लांबी, वस्तुमान, वेळ, तापमान आणि वहीत नोंद कशी करायची हे आहे. तुम्ही बहुधा तिसऱ्या दिवसाच्या पुढे वाचलंच नाहीत. सहावी ते नववीच्या मुलांबरोबर ठाण्यातल्या शाळांच्या प्रयोगशाळांत मी बावीस वर्षं काढली आहेत. एवढ्या वर्षांत पहिल्या तासाला मोजपात्र बरोबर वाचणारा पूर्ण वर्ग माझ्यासमोर एकदाही आलेला नाही. म्हणून तुमच्या त्या ‘दोन मिनिटांत सांगून होतं’ या एकाच वाक्याला आज सविस्तर उत्तर देते.

सांगून होतं, हे खरं. सांगितलेलं हातात आणि डोळ्यांत उतरायला वेळ लागतो. नेमकं काय काय चुकतं ते बघा.

१०० मिलीचं मोजपात्र घ्या. आतला व्यास पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे १ मिलीच्या दोन खुणांमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर अंतर राहतं. मूल टेबलाशी उभं आहे, मोजपात्र टेबलावर आहे. तोंड पात्रापासून ३० सेंटिमीटरवर आणि डोळा पाण्याच्या पातळीपेक्षा १५ सेंटिमीटर वर. खुणा असतात पुढच्या काचेवर, आणि मूल बघतं पात्राच्या मध्यावरच्या पाण्याकडे. नजरेची तिरपी रेघ पुढच्या काचेला खऱ्या पातळीच्या वर छेदते. फरक पडतो सुमारे ७ मिलिमीटरचा, म्हणजे चार मिलीहून जास्त. मूल खोटं बोलत नसतं. त्याला ५० च्या जागी खरोखरच ५४ दिसतं.

आता हेच खडीच्या घनतेत काय करतं ते पाहा. आपल्याकडे बांधकामाजवळ पडलेली काळी खडी म्हणजे बेसॉल्ट. तिची घनता साधारण २.८ ते ३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. समजा खडीचं वस्तुमान ३५ ग्रॅम आहे, आधी पाणी ५० मिली होतं आणि खडी सोडल्यावर ६२ झालं. आकारमान १२, घनता ३५ भागिले १२, म्हणजे २.९. छान. पण पहिलं वाचन वाकून नीट घेतलं आणि दुसरं घाईत उभ्यानं घेतलं, तर ६२ चे ६६ होतात. आकारमान १६, घनता २.२. एवढ्या फरकाने दगडच वेगळा ठरतो. आणि दोन्ही वाचनं सारख्याच चुकीच्या उंचीवरून घेतली, तर वजाबाकीत चूक बरीचशी कटते आणि उत्तर जवळपास बरोबर येतं. शिक्षक बरोबरची खूण करतात, सवय मात्र तशीच राहते. ती सापडते पुढे, जेव्हा एकच वाचन घ्यायचं असतं आणि वजाबाकी मदतीला येत नाही. म्हणून मी पहिल्या दिवशी वजाबाकीचा प्रयोग देतच नाही. नुसतं वाचन देते.

खडी सोडण्यातही चुकतं. वरून टाकली तर पाणी उडतं, भिंतीला थेंब चिकटतात, काचेचं पात्र असेल तर तळ फुटतो. दोरा बांधून, पात्र तिरपं धरून हळूच सोडायची. आधी ओली करून घ्यायची, नाहीतर खाचांत हवेचे बुडबुडे अडकून आकारमान जास्त येतं. बुडबुडे दिसले तर दोरा हलवून काढायचे आणि मगच वाचायचं.

दुसरी गोष्ट, पाण्याचा वक्र. पुस्तकातल्या चित्रात पाणी काचेच्या कडेला वर चढलेलं असतं आणि खालच्या टोकाशी वाचा असं लिहिलेलं असतं. पण हल्ली बऱ्याच शाळांत दुधाळ प्लास्टिकची मोजपात्रं आहेत. त्यात पाणी जवळजवळ सपाट राहतं, कारण पाणी काचेला चिकटतं तसं या प्लास्टिकला चिकटत नाही. चित्र पाठ केलेलं मूल तिथे नसलेला वक्र शोधत बसतं, आणि सापडला नाही की अंदाजाने एक खूण खाली लिहितं. दोन्ही पात्रांत ४० मिली पाणी घेऊन शेजारी ठेवा, मुलाला दोन्ही बघू द्या. हे ‘सांगून’ कळत नाही.

तिसरी, खुणांची किंमत. १०० मिलीच्या पात्रावर लहान खूण १ मिलीची असते. २५० मिलीच्या पात्रावर ती बहुधा २ मिलीची असते. पाणी १२० च्या वर तीन खुणा असेल तर मूल बिनधास्त १२३ लिहितं, खरं असतं १२६. लघुतम मापाची, म्हणजे एका लहान खुणेच्या किमतीची, व्याख्या त्याच मुलाला तोंडपाठ असते. म्हणून माझा नियम असा: पाणी ओतायच्या आधी दोन मोठ्या आकड्यांमधले भाग मोजायचे, भागाकार करायचा आणि वहीत वर लिहायचं, ‘एक खूण = इतके मिली’. हे लिहिल्याशिवाय पात्राला हात लावायचा नाही. सुरुवातीचे चार-पाच दिवस मुलं कंटाळतात. नंतर नवं पात्र समोर आलं की न सांगता खुणा मोजतात. माझ्या बारा दिवसांचा हिशेब हा आहे.

घरी मोजपात्र नसेल तर औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणा. टोक पाण्यात बुडवून दट्ट्या ओढा, टोक वर करून बुडबुडा काढा, पुन्हा भरा. वाचताना काळ्या रबराची सिरिंजच्या भिंतीला टेकलेली, टोकाकडची कड बघायची. रबराचं मधलं टोक पुढे आलेलं असतं, ते वाचलं तर दर वेळी मोजमाप चुकतं. आता घरचं मोजपात्र बनवायला सरळ अंगाची बाटली घ्या, बाहेरून कागदाची पट्टी उभी चिकटवा. शीतपेयाच्या बाटलीचा तळ पाकळ्यांचा असतो, म्हणून आधी पाकळ्या बुडून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्य लिहा. तळाशीच शून्य लिहिलं तर पहिल्या खुणा भलत्याच दाट किंवा विरळ येतात आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. पुढे दर १० मिलीला एक खूण. १०० झाले की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तपासा. शून्याच्या खुणेपर्यंत पाणी असलेली बाटली ठेवून काटा शून्य करा, १०० मिली घाला. काटा १०० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. ९६ किंवा १०४ आला तर सिरिंजमधला बुडबुडा किंवा खुणेवरची नजर, दोनपैकी एक चुकलंय. कुठलं, हे मुलानेच शोधायचं.

हे सगळं दोन मिनिटांत बसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते स्वतःच्या हाताने केलेलं नाही. कडक बोलतेय, पण तुम्हीही सौम्य लिहिलं नव्हतं.

तापमापीचं तेच. गरम पाण्यातून बाहेर काढून वाचायची सवय तापाच्या थर्मामीटरवरून लागते. तापाच्या थर्मामीटरमध्ये पारा परत उतरू नये म्हणून नळीला अरुंद गळा असतो, प्रयोगशाळेतल्या तापमापीत तो नसतो. बाहेर काढली की लगेच आकडा उतरायला लागतो. आणि ताप बघताना मोठी माणसं झटकतात म्हणून मूलही झटकतं आणि तापमापी टेबलाच्या कडेवर आपटून फुटते. बल्ब पाण्यातच हवा, आणि चंचुपात्राच्या (बीकरच्या) तळाला टेकलेला नको, कारण खालून ज्योत लागून तळ पाण्यापेक्षा गरम असतो.

आणि ज्या दोलकावरून तुम्ही मला धरलंत, त्यात मुलं काय चुकतात तेही ऐका. दोलक सोडतानाच ‘एक’ म्हणतात. म्हणजे वीस म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच होतात. १ मीटरला २० दोलनांचे ४० सेकंद यायला हवेत, येतात ३८. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. लांबी टांगल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. वजन बदलून बघताना (तेव्हा गोळ्याऐवजी नट टांगतो) दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधतात. त्याने दोलकाची लांबी वाढते, आवर्तकाल वाढतो आणि वहीत निष्कर्ष येतो, ‘वजन वाढवलं की दोलक हळू होतो.’ दोन्ही नट एकाच हुकात शेजारी अडकवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे वाक्य मुलाला इथे कळतं. आणि पंखा बंद करा.

सिम्युलेशनबद्दल थोडक्यात. वर लिहिलेल्यातल्या बहुतेक चुका त्यात करता येत नाहीत, म्हणून त्याने हा सराव होत नाही. संकल्पना दाखवायला ते चांगलं आहे, मीही वापरते. मार्कांचं म्हणाल तर दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण लेखी पेपरच्या बाहेरचे आहेत, आणि सहावी आणि नववीसाठीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखीनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

तुमची मुलगी सातवीत आहे असं तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटी लिहिलंत. आज रात्री एवढं करा. कुठल्याही खुणांच्या भांड्यात पाणी घ्या, कितीही. तुम्ही, ती आणि घरातलं आणखी कुणीतरी, तिघांनी एकमेकांना न दाखवता वाचून आकडा कागदावर लिहा. मग तिला टेबलावर हनुवटी टेकून पुन्हा वाचायला सांगा. जुना आकडा खोडरबराने पुसू देऊ नका. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहायचा, म्हणजे दोन्ही दिसतात. चारही आकडे आणि भांड्याची एक खूण कितीची आहे ते इथे खाली लिहा. उद्या संध्याकाळी मी बघेन.