लग्नाची डीव्हीडी भंगारात देऊ नका: त्या फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एक संदेश आमच्या नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या अशा तिन्ही ग्रुपवर येऊन गेला. मजकूर थोडक्यात असा: नव्या ४के टीव्हीवर डीव्हीडी धूसरच दिसणार. चित्र सुधारायचं तर सोन्याचा मुलामा दिलेली भारी एचडीएमआय केबल घ्या, पिक्चर मोड ‘व्हिविड’ ठेवा, शार्पनेस पूर्ण वाढवा, मोशनची सोय चालू करा. आणि तसंही आता सगळं ओटीटीवर ४के मध्ये मिळतं, तेव्हा प्लेयर आणि डिस्क भंगारात देऊन कपाट मोकळं करा.

हे वाचून माझ्या मामांनी डिस्कची पिशवी खरंच दाराशी आणून ठेवली होती. तिच्यात मामेबहिणीच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी होत्या. म्हणून या संदेशातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितो आहे.

‘४के टीव्हीवर डीव्हीडी धूसरच दिसणार’

यात थोडं तथ्य आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२०×५७६ ठिपक्यांचं चित्र असतं आणि ४के टीव्हीवर ३८४०×२१६० ठिपके. मधले ठिपके टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. व्हीसीडीचं चित्र तर ३५२×२८८ इतकंच असतं, तिच्याकडून फार अपेक्षा करू नये.

पण ‘दिसणारच’ हे म्हणणं चूक आहे, कारण आपण कुठे बसतो यावर बरंच अवलंबून असतं. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटिमीटर. तिच्यात ५७६ ओळी बसवल्या तर एक ओळ एक मिलिमीटरहून किंचित कमी जाडीची होते, आणि साडेदहा फुटांवरून त्या ओळी डोळ्याला एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. १०८० ओळींसाठी हेच अंतर साडेपाच फूट होतं आणि ४के साठी तीन फुटांहूनही कमी. आपल्या दिवाणखान्यात सोफा आठ-दहा फुटांवर असतो. म्हणजे ४३ इंची टीव्हीवर नीट बनवलेली डीव्हीडी तिथून बरी दिसायला हवी. ६५ इंची टीव्ही असेल तर मात्र तेवढ्याच अंतरावरून फरक स्पष्ट कळेल.

मग मामांकडे चित्र इतकं वाईट का दिसत होतं? टीव्हीच्या मागे हात घातला तेव्हा कळलं. प्लेयरला एचडीएमआयची जागा होती, पण जोडणी पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने केलेली होती. जुन्या टीव्हीची सवय, दुसरं काही नाही. त्यातल्या एकट्या पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकाच सिग्नलमध्ये एकत्र जातात. टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात आणि ते पुरते वेगळे होत नाहीत. लाल रंग कडेबाहेर सांडतो, बारीक रेघांवर नसलेले रंग सळसळतात. पैठणीच्या काठावर हे लगेच दिसतं. आम्ही घरातलीच एक साधी एचडीएमआय केबल लावली आणि काठ स्थिर झाला. प्लेयरला एचडीएमआय नसेल, पण हिरवी-निळी-लाल अशी तीन चित्राची भोकं असतील आणि टीव्हीलाही ती असतील, तर ती वापरा. तिथे उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात.

आणखी एक गोष्ट. ते लग्न ४:३ आकारात चित्रित झालेलं होतं आणि टीव्ही ते १६:९ मध्ये ताणत होता. सगळं वऱ्हाड रुंद झालेलं. चित्राचा आकार ४:३ केला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. येऊ द्या. त्या पट्ट्या म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, माणसं मूळ आकारात दिसतात ती त्यांच्यामुळेच.

‘सोन्याचा मुलामा दिलेली भारी केबल घ्या’

एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोहोचले तर चित्र जसंच्या तसं येतं. नाही पोहोचले तर पडद्यावर चमकणारे ठिपके येतात, चित्र मध्येच जातं किंवा येतच नाही. केबल साधी आहे म्हणून रंग फिके किंवा चित्र मऊ होत नाही. सोनं गंजत नाही, त्यामुळे कोकणातल्या दमट हवेत केबलच्या तोंडाला त्याचा उपयोग होतो, चित्राला नाही. ४के ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त माहिती मावणारी डिस्क) लावणारा प्लेयर असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं प्रमाणित केलेली केबल पाहा. तिची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट असते. डीव्हीडीसाठी एवढ्याची गरजच नाही.

‘व्हिविड मोड आणि शार्पनेस पूर्ण’

संदेशातला हा सल्ला मला सर्वांत जास्त सलतो, कारण घरोघरी हेच केलेलं दिसतं. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड दुकानाच्या लख्ख उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा यासाठी असतो. त्यात पांढरा रंग निळसर होतो, रंग भडकतात, उजळ भागातला तपशील जातो. पांढऱ्या फेट्याच्या घड्या पुसल्या जातात. चित्र तयार करणारे ज्या पांढऱ्याला प्रमाण मानतात तो साधारण ६५०० केल्विनचा (पांढऱ्याची छटा मोजण्याचं एकक) असतो, आणि त्याच्या जवळ जाणारे मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ या नावांनी असतात. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये जाहीर झाला. चित्र निर्मात्यांनी ठरवलं तसंच दिसावं, हाच त्याचा उद्देश. पहिल्या दिवशी तो पिवळट वाटेल. दोन-तीन दिवस बदलू नका, डोळे रुळतात.

शार्पनेसबद्दल: ही सोय नवा तपशील आणत नाही, असलेल्या कडांभोवती उजळ-गडद रेघ ओढते. लांबून ती कड तीक्ष्ण वाटते. डीव्हीडीवर मात्र त्याच रेघेबरोबर आकुंचनामुळे (चित्र डिस्कवर मावावं म्हणून त्याची माहिती आवळल्यामुळे) कडांभोवती आलेले बारीक वळवळते ठिपकेही ठळक होतात. हळूहळू कमी करत जा आणि अक्षरांभोवतीची पांढरी किनार गेली की थांबा. तो आकडा प्रत्येक कंपनीच्या टीव्हीवर वेगळा असतो.

काळा राखाडी दिसतो, अशी तक्रारही बऱ्याच घरांतून ऐकू येते. लोक मग कॉन्ट्रास्ट वाढवत बसतात. बरेचदा कारण वेगळंच असतं. व्हिडिओच्या पद्धतीत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५, तर कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० आणि २५५. प्लेयर एका पद्धतीने पाठवतो आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचतो, तेव्हा चित्रावर धुकं पसरतं किंवा उलट झालं तर काळे केस आणि काळा कोट एकच डाग होऊन बसतात. दोन्हीकडच्या मेनूत ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ शोधा आणि दोन्हीकडे एकच ठेवा. ‘लिमिटेड’ (म्हणजे १६ ते २३५) ठेवलं तर चालतं. ‘ब्राइटनेस’ त्यानंतर, रात्री दिवा मंद करून, एखाद्या अंधाऱ्या प्रसंगावर लावा. बहुतेक टीव्हींवर त्या नावाखाली काळ्याची खोली बदलते. (काही नव्या टीव्हींवर याच नावाने पडद्यामागचा उजेड बदलतो, तेव्हा आधी पाहून घ्या.)

‘मोशनची सोय चालू ठेवा’

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, कंपनीगणिक नाव वेगळं, पण काम एकच: मधली चित्रं टीव्ही स्वतः कल्पून भरतो. त्यामुळे चित्रपट स्टुडिओतल्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो आणि हलत्या हाताभोवती चित्र विरघळतं. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी चित्रफीत काढून ही सोय बंद करा, असं प्रेक्षकांना सांगितलं होतं. चित्रपटासाठी मीही तेच सांगेन.

घरच्या लग्नाची गोष्ट वेगळी. पाल कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपतो, एकदा विषम ओळी, एकदा सम. ती जुळवताना चूक झाली की हार घालणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. त्यावर मोशनची सोय हा उपाय नाही. प्लेयरच्या मेनूत ५७६आय आणि ५७६पी असे दोन पर्याय असतात. पहिल्यात जुळवणी टीव्ही करतो, दुसऱ्यात प्लेयर. दोन्ही लावून पाहा, ज्यात दात दिसत नाहीत ते ठेवा. ‘अपस्केलिंग’ प्लेयरचंही हेच. चित्र मोठं करण्याचं काम दोघांपैकी जो चांगलं करतो त्याच्याकडे द्या. स्वस्त प्लेयर आणि नवा टीव्ही असेल तर बहुधा टीव्ही सरस ठरतो.

‘ओटीटीवर सगळं ४के मध्ये मिळतं’

४के हा ठिपक्यांचा हिशेब झाला. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला किती माहिती येते, हा प्रश्न निराळा. नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिट वेगाचं इंटरनेट सुचवतं. साध्या ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते आणि ४के ब्लू-रेचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. नव्या आकुंचन पद्धती कमी माहितीत जास्त काम करतात, त्यामुळे हे आकडे थेट एकासमोर एक ठेवता येत नाहीत. तरी धुकं, पाऊस, रात्रीचं आकाश असे प्रसंग ब्लू-रे डिस्कवर लावून पाहा. ओटीटीवर ज्या आकाशात पट्टे पडतात ते तिथे सलग उतरतं.

आणि मामेबहिणीचं लग्न कोणत्या ओटीटीवर आहे?

‘भंगारात द्या’

छायाचित्रकाराने दिलेली डिस्क दुकानातल्या चित्रपटाच्या डिस्कसारखी ठशाने काढलेली नसते. तिच्यावर सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि त्यावर लेसरने नोंद केलेली असते. ऊन आणि उष्णता यांनी तो थर खराब होतो. म्हणून अशा डिस्कची प्रत आताच काढायला हवी. डिस्क मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह जोडा आणि ‘व्हिडिओ_टीएस’ हा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्या. कोणी ‘एचडी करून देतो’ म्हणालं तरी आधी ही मूळ प्रत ठेवा, कारण पुन्हा आकुंचन केलं की थोडा तपशील कायमचा जातो. एका थराची डिस्क ४.७ जीबीची असते, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये दहा-बारा डिस्क मावतात. पेनड्राइव्ह दोन करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

मामांची पहिली डिस्क वीस मिनिटांत उतरली. दुसरी माझ्या ड्राइव्हने वाचायला नकार दिला. मित्राच्या जुन्या लॅपटॉपमधल्या ड्राइव्हने ती सावकाश का होईना, पूर्ण वाचली. तेव्हा एका यंत्राने नाही म्हटलं तर दुसऱ्यात घालून पाहा.