हिरवा दिवा लागलाय, म्हणजे झालं!

आज दादाकडे गेले होते. चुलत भाऊ, माझ्यापेक्षा मोठा, आणि घरात काहीही बिघडलं की दोष त्या वस्तूचाच असं मानणारा. आत पाऊल टाकलं तर वहिनी कचऱ्याच्या पिशवीत सेल टाकत होती. चार पेन्सिल सेल, रीचार्जेबल. म्हटलं, अगं हे का टाकतेस? तर दादा आतूनच ओरडला, "बोगस आहेत गं ते! सहा महिने टिकले नाहीत. आता साधेच आणणार, ती रीचार्जेबलची भानगडच नको."

भिंतीवर सॉकेटमध्ये चार्जर लटकत होता. त्यात आणखी दोन सेल. सहज हात लावला आणि चटकन मागे घेतला, इतके तापलेले.

"कधी लावलेस हे?"

"परवा."

"परवा??"

"अगं हिरवा दिवा लागलाय ना, म्हणजे झालं. काढतो नंतर."

मी दोन्ही सेल काढले. दिवा हिरवाच. परत घातले. हिरवाच. उलटसुलट काहीही करा, तो हिरवाच राहणार, कारण त्या दिव्याला एवढंच कळतं की सॉकेटमध्ये वीज आहे. सेल भरला, रिकामा आहे की मेलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि या दिव्याच्या भरवशावर दादाने सहा सेल दोन-दोन दिवस भाजले आणि वर म्हणतो सेल बोगस.

तिथे फार बोलले नाही. सगळे सहा सेल मागून घेतले आणि निघाले. आता घरी येऊन इथे बोलतेय, कारण मला माहितीये, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच चाललंय.

रीचार्जेबल पेन्सिल सेल म्हणजे बहुतेक वेळा निकेल मेटल हायड्राइड. तो भरला की भरला, पोटात जागा उरत नाही. त्यानंतर जी वीज आत जाते ती साठत नाही, तिची उष्णता होते. आत वायू तयार होतो, दाब वाढतो, ओलावा हळूहळू कमी होतो, आणि दर वेळी सेलचं आयुष्य थोडं थोडं जळतं. शेवटी शेवटी सेल कोमट होणं ठीक आहे. हात लावता येत नाही इतका तापला तर तुम्ही चार्जिंग करत नाही आहात, शेगडी चालवताय.

गंमत म्हणजे भरल्यावर सेल स्वतः सांगतो. चार्ज होताना त्याचा व्होल्टेज वर वर चढत जातो आणि पूर्ण भरला की किंचित खाली घसरतो. अगदी किंचित, एका व्होल्टचे काही हजारांश. त्याच वेळी तापमान झपकन चढायला लागतं. चांगला चार्जर ही घसरण टिपतो आणि वीज तोडतो. म्हणजे सेल "पुरे" म्हणतो हो, ऐकणारा पाहिजे. दादाचा चार्जर ठार बहिरा आहे.

आता मला बाबा आठवणारच. आठवले, म्हणूनच एवढं लिहितेय.

बाबांकडे आठ सेल होते. प्रत्येकावर मार्करने आकडा, १ ते ८. जोड्या ठरलेल्या: १-२, ३-४, ५-६, ७-८. एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच जोडीने वापरायचे, एकाच जोडीने चार्ज करायचे. आणि एक वही. छोटी, रेघांची. त्यात तारीख, सेलचे आकडे, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ. आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. सेलची जन्मपत्रिका म्हणायचो त्या वहीला.

त्यांचा चार्जरही दादाच्या चार्जरइतकाच मठ्ठ होता बरं का. हे मला आज, दादाकडून येताना वाटेत लक्षात आलं. स्वतःहून थांबायची अक्कल त्यालाही नव्हती. पण बाबांनी हिशोब मांडला होता: सेल २००० मिलिअँपिअर अवरचे (म्हणजे पोटात एवढी वीज मावते), चार्जर देतो २०० मिलिअँपिअर. भागाकार १० तास. पण सगळी वीज साठत नाही, काही वाया जाते, म्हणून दीडपट धरायची. १५ तास. संध्याकाळी ५ ला लावायचे, सकाळी ८ ला काढायचे. रोज नाही, लागतील तेव्हा, पण वेळ हीच. चार्जरला अक्कल नव्हती म्हणून ती वहीत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुणीतरी थांबवायला हवं. एकतर चार्जरने, नाहीतर तुम्ही. दोघांनी हिरव्या दिव्याकडे बघत बसायचं, हे चालणार नाही.

आणि कंपन्यांचं तर काय सांगावं! दादाचा चार्जर सेलच्या पाकिटाबरोबर फुकट आला होता. पाकिटावर हा एवढा मोठा आकडा, हसणारं पोरगं, "वेगवान", "सुरक्षित", सगळं आहे. भरल्यावर बंद होतो की नाही? एक अक्षर नाही. मागे मुंगीएवढ्या अक्षरात चार्जिंगचे तास लिहिलेत, ते वाचायला भिंग लागेल. मुळात दोन सेल एकाच रांगेत चार्ज करणारा चार्जर. एक सेल अर्धा भरलेला, दुसरा रिकामा असला तरी दोघांना तेवढीच वीज. पहिला भाजतो, दुसरा उपाशी. प्रत्येक सेलला वेगळा कप्पा, वेगळं लक्ष देणारे चार्जर मिळतात. महाग असतात, हो, कबूल. पण दर सहा महिन्यांनी सेल कचऱ्यात टाकण्यापेक्षा महाग नसतात.

त्या मोठ्या आकड्याचंही तेच. चांगल्यात चांगल्या डबल ए, म्हणजे पेन्सिल आकाराच्या, निकेल सेलची मजल साधारण २५०० ते २७०० मिलिअँपिअर अवरपर्यंत जाते. कुणी ४००० छापलं असेल तर तो सेल नाही, थाप आहे.

बाबांच्या वहीत अशी थाप चालली नसती. ते लगेच लिहायचे, "सेल ५: कॅमेऱ्यात पूर्वीपेक्षा कमी चालतो." कॅमेऱ्याचा फ्लॅश म्हणजे त्यांची परीक्षा. खरं तर रीचार्जेबल सेल असल्याच कामासाठी. फ्लॅश, पोरांच्या धावत्या गाड्या, गेमचा कंट्रोलर, जिथे एका दमात भरपूर वीज लागते तिथे. कुणी लगेच म्हणेल, ते १.२ व्होल्टचेच असतात, साधा सेल दीडचा. अहो, साधा अल्कलाइन सेल दीडला सुरू होतो आणि पहिल्या दिवसापासून घसरत जातो. निम्मं काम व्हायच्या सुमारास तोही १.२ च्या आसपासच असतो. निकेलचा सेल मात्र शेवटपर्यंत १.२ धरून चालतो आणि मग एकदम बसतो. काही यंत्रं त्यामुळे उगाच "सेल कमी" दाखवतात, हे खरंय. भिंतीवरचं घड्याळ, रिमोट, यांना साधा सेलच बरा, हेही खरं. धुराच्या अलार्ममध्ये तर त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला, तिथे माझंही ऐकू नका. झालं? दिलं सगळं मान्य करून.

पण "पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करायचा नाही, नाहीतर त्याची मेमरी होते" हे मला पुन्हा कुणी सांगू नका. ते जुन्या निकेल कॅडमियमच्या सेलचं दुखणं, आणि तिथेही सांगतात तेवढं नव्हतं. आजच्या सेलला ती सक्ती करायची गरज नाही. उलट चार सेलच्या खेळण्यात शेवटच्या थेंबापर्यंत पिळत बसलात तर सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याला उलटा चार्ज करतात. तो परत उठत नाही. म्हणून तर बाबांच्या जोड्या! गाडी मंदावली की थांबा, चारही काढा, चारही लावा.

निघताना दादाने आणखी एक विचारलं. "साधे सेलपण यात थोडे चार्ज होतात ना गं?" मी जिन्यात होते, तिथून परत वर आले. नाही! नाही होत! साधा सेल चार्जरमध्ये घातला तर आत वायू साठतो, सेल फुटू किंवा पाझरू शकतो. जे पाणी सुटतं ते पाणी नसतं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कातडी आणि डोळे जाळणारं. आणि पेन्सिल सेलच्या आकाराचेच लिथियम आयन सेलही येतात, ३.७ व्होल्टचे, त्यांना त्यांचा वेगळा चार्जर. आकार सारखा म्हणून कशातही कोंबायचं नसतं. सेलवर काय लिहिलंय ते वाचायचं. एवढंच. वाचायचं.

असो. ओरडतेय खरी, पण मला ओरडायचा किती हक्क आहे ते आता सांगते.

कॉलेजात असताना मी एक चार्जर आणला. "एका तासात फुल." बाबांचे १५ तास मला अडाणीपणा वाटायचा. एका तासात २००० चा सेल भरायचा म्हणजे साधारण २ अँपिअर ढकलायचे, बाबांच्या दहापट. असा चार्जर वाईट नसतो, पण सगळा खेळ योग्य क्षणी थांबण्यावर. माझा स्वस्तातला होता. बाबा घरी नसताना मी ३, ४, ७, ८ उचलले, लावले आणि मैत्रिणीशी फोनवर बोलत बसले. एक तास, दोन तास, तीन तास. वास आला म्हणून धावले. सेलवरचं प्लॅस्टिकचं वेष्टण आक्रसून सुरकुतलं होतं, आणि ७ चा आकडा अर्धा पुसून १ झाला होता.

बाबा आले. मी सेल पुढे ठेवले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी एकेक सेल हातात घेतला, उलटा करून टोक बघितलं, दोन दिवस टॉर्चमध्ये घालून तपासले आणि वहीत लिहिलं:

"३ आणि ७ बाद. ४ आणि ८ लंगडे. यापुढे ४-८ जोडी."

बस. माझं नाव नाही, कुणी केलं ते नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही. ४-८ ची ती लंगडी जोडी नंतर दोन वर्षं तरी टॉर्चमध्ये चालली. वहीत आहे सगळं.

मग दादावर मी एवढी का चिडले? तो निदान सेलना शिव्या देतोय, मी तर तेव्हा बाबांच्या १५ तासांना दिल्या होत्या. वहिनीला थोडं जोरात बोलले असेन तर इथेच सॉरी म्हणते, ती वाचेलच.

बाबांचे सेल जुन्या जातीचे, नुसते ठेवले तरी महिन्याभरात बरेच उतरायचे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून महिनोन् महिने चार्ज धरून ठेवणारे सेल मिळायला लागले. बाबांनी ते वापरले असते तर वहीतल्या निम्म्या नोंदी लागल्याच नसत्या. तरी लिहिल्या असत्या म्हणा.

बाबा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. शेवटची पाच-सहा पानं कोरी होती. आज मार्कर काढला. दादाच्या सहा सेलवर आकडे घातले. १ ते ८ बाबांचे, म्हणून ९ पासून १४. माझ्या चार्जरला चार कप्पे आहेत, ९ ते १२ लावले. ९ आणि ११ ने लगेच चार्ज घ्यायला सुरुवात केली. १० आणि १२ ला चार्जर ओळखच देईना. सेल फारच उतरला असेल तर शहाणे चार्जर त्याला मेलेला समजून नाकारतात. हा एक त्यांचा माज आहे, तेही मान्य करते. अशा वेळी मठ्ठ चार्जरच कामाला येतो. बाबांचा काढला, कापडाने पुसला, त्यात १० आणि १२ दहा मिनिटं ठेवले. समोर बसून, बोट सेलवर ठेवून. दिवा लागला. बाबांच्या चार्जरचा दिवा लाल आहे.

मग परत माझ्यात घातले. १२ ने घेतलं.

वहीत लिहिलं: लावले रात्री ९:२०. १० बाद.