उठल्याबरोबर शीर्षासन? निदान पतंजलींच्या नावावर खपवू नका

‘पतंजलींनी ठरवलेला मूळ आसनक्रम’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. उठल्याबरोबर दहा मिनिटं शीर्षासन, मग पश्चिमोत्तानासन, मग सर्वांगासन आणि लगेच मत्स्यासन, शवासन ऐच्छिक, क्रम बदलला तर ‘नाड्या (म्हणजे शरीरातले प्राण वाहण्याचे मार्ग) उलट्या वाहतात’. माझ्या मावशीला तो तिच्या योगवर्गाच्या बाईंनीच पाठवला. मावशीला काचबिंदू आहे, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

पतंजलींचं आधी उरकतो. योगसूत्रांत क्रम सोडाच, एकाही आसनाचं नाव नाही. ‘स्थिरसुखमासनम्’ (स्थिर आणि सुखकर ते आसन) आणि पुढची दोन सूत्रं, आसनाबद्दल एवढंच. नावं येतात ती सूत्रांवरच्या भाष्यात, तीही बहुतेक बैठ्या आसनांची.

आता शीर्षासन. ग्रंथाचाच आधार हवा ना? मग हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाचा तिसरा उपदेश, म्हणजे अध्याय, उघडा. विपरीतकरणीत डोकं खाली, पाय वर ही स्थिती सांगताना ग्रंथकर्ते स्वात्माराम म्हणतात, ‘क्षणं स्यात् प्रथमे दिने’. पहिल्या दिवशी क्षणभर! पुढे रोज थोडं थोडं वाढवायचं. मग ही दहा मिनिटं कुणी शोधली? शिवाय शीर्षासनात डोळ्यातला दाब साधारण दुप्पट होतो. योगसाधकांवरच मोजलेले हे आकडे २००६ साली प्रसिद्ध झालेत. काचबिंदूत सगळी धडपड तो दाब खाली ठेवण्याची. एकीकडे डोळ्यांत थेंब घालायचे आणि दुसरीकडे खाली डोकं वर पाय! मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांना, रक्तदाबवाल्यांनाही हा मेसेज जातोच आहे. वर्गाला क्रम देण्याआधी कुणाला काय आजार आहे, एवढं तरी विचारायला नको?

पश्चिमोत्तानासनाचं थोडक्यात: रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात. उठल्या उठल्या कमरेतून खोल वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. तासभर थांबा.

सर्वांगासनानंतर मत्स्यासन, बरं, हे मान्य. मुडपलेल्या मानेला उलट बाजूचा ताण देण्यात तथ्य आहे, क्रमाला अर्थ असतो हेही खरंच. पण ‘लगेच’ नको. मधे पाठीवर सरळ पडून चार श्वास घ्या.

शवासन ऐच्छिक म्हणणाऱ्याने तीच हठप्रदीपिका वाचावी: ‘श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’, थकवा घालवणारं, मनाला विश्रांती देणारं.

राहिल्या नाड्या. अय्यंगारांच्या पद्धतीत शीर्षासन सर्वांगासनाच्या आधी येतं, पट्टाभी जोइसांच्या अष्टांग विन्यासात नंतर. दोघेही योगगुरू कृष्णमाचार्यांचेच शिष्य. आता यातल्या कुणाच्या नाड्या उलट्या वाहत होत्या, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.