कापडी लंगोट, ब्रिटनचा आकडा आणि गोव्याचा पाऊस

सध्या मोबाईलवरून पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका मजकुराचा दावा असा आहे की, कापडी लंगोट वापरणे हे पर्यावरणप्रेमाचे निव्वळ ढोंग आहे. ब्रिटिश सरकारी अभ्यासानुसार लंगोट आणि एकदा वापरून टाकायचे डायपर सारखेच घातक ठरतात. शिवाय लंगोट धुण्यात पाणी वाया जाते, गोव्याच्या पावसाळ्यात ते वाळत नाहीत, बाळाला पुरळ येते आणि त्याचे पाय फेंगडे होतात, असे त्यात म्हटले आहे. माझी नात आठ महिन्यांची आहे, आमचे घर फोंडा तालुक्यात आहे आणि एकाच आठवड्यात तिघांनी हा मजकूर पाठवल्यामुळे त्यातील एकेक मुद्दा तपासणे भाग पडले.

अभ्यास खरा आहे. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला असून, त्यानुसार डायपरमुळे सुमारे ५५० किलो, तर लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. मजकूर येथे थांबतो. अहवाल थांबत नाही. लंगोटांचा भार मुख्यतः धुण्यावाळवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो आणि यंत्र पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले व तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर तो सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो, असे त्याच अहवालात नोंदवले आहे. विजेवर कपडे वाळवणारे यंत्र आमच्या नात्यागोत्यातील एकाही घरात मी पाहिलेले नाही, आणि थोरल्याची दुपटी धाकट्याला वापरणे ही तर येथील जुनीच रीत आहे. म्हणजे ज्या अटींवर लंगोट सरस ठरतो, त्या आपल्याकडे मुळातच पाळल्या जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश सरकारच्या नव्या अभ्यासात लंगोटांचे उत्सर्जन डायपरपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरले, याचा मजकुरात उल्लेखही नाही.

पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. एप्रिल-मेमध्ये ज्या वाड्यावर टँकरची वाट पाहावी लागते, तेथील आईने डायपर वापरला तर तिला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र डायपरमधील लाकडाचा लगदा तयार करतानाही पाणी खर्च होते. ते आपल्या नळातून येत नाही, एवढ्यावरून ते हिशेबातून वगळता येत नाही.

पावसाळ्याचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जुलैमध्ये दोरीवरचा टॉवेलसुद्धा दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. आमच्या सुनेने प्रथम बाजारातील तयार लंगोट आणले होते. त्यांतील अनेक पदरी, शिवलेली जाड घडी दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही मधोमध दमटच राहिली; बोटांनी दाबल्यावर गारवा जाणवत असे. मग आम्ही जुन्या सुती साडीचे चौकोन फाडले. हा चौकोन वापरताना आठ पदरांचा आणि वाळवताना एकाच पदराचा असल्यामुळे बाल्कांवातील, म्हणजे घरापुढच्या छपराखालील ओसरीतील, दोरीवर टाकून वर पंखा लावला, की सकाळचे दुपारपर्यंत वाळतात. माझ्या आजीला पंखाही ठाऊक नव्हता. ती निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी शेकत असे. अडचण लंगोटाची नसून, भरपूर उन्हाच्या भरवशावर शिवलेल्या जाड घडीची आहे, असे माझे मत आहे.

पुरळाबाबत डायपरला त्याचे श्रेय दिले पाहिजे. त्यातील सोडियम पॉलिॲक्रिलेट लघवी शोषून तिचा जेलसारखा गोळा करते आणि त्वचा कोरडी राखते. सुती कापडाला हे साधत नाही, म्हणून ओला लंगोट ताबडतोब बदलावाच लागतो. पण शौच झालेला डायपर तासन् तास तसाच ठेवला तर पुरळ त्यातही येते. लंगोट धुताना कपडे मऊ करणारे द्रव मात्र वापरू नयेत, कारण त्यांचा थर बसून कापडाची शोषणशक्ती घटते. रात्री आणि प्रवासात आम्हीही डायपर वापरतो.

फेंगड्या पायांचा मुद्दा चटकन निकालात काढता येतो. तान्ह्या बाळांचे पाय मुळातच थोडे बाकदार असतात आणि बहुतेकांचे चालू लागल्यावर आपोआप सरळ होतात. खुब्याच्या सांध्याला अपाय होतो तो पाय ताठ सरळ करून घट्ट गुंडाळल्याने. लंगोटामुळे ते थोडे फाकलेले राहण्याने होत नाही.

डायपर कचरागाडीत टाकला की विषय संपला, असे मजकुराच्या शेवटी म्हटले आहे. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार वापरलेला डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा असे, म्हणजे वर्तमानपत्रे आणि बाटल्या जेथे जातात तेथेच. गोव्यातील साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो. प्लास्टिकच्या आवरणातील हा गोळा तेथे कुजण्याजोगा नाही आणि भंगारातही कोणी घेत नाही. आमच्या वाड्यावरील कचरा उचलणारी बाई प्रत्येक पिशवी उघडून पाहते. कागदात न गुंडाळलेला डायपर हाती लागला, की ती काही न बोलता तो बाजूला ठेवते आणि हात धुवायला आमच्या अंगणातील नळाशी येते.