इलियड म्हणजे लाकडी घोडा नव्हे

फोनवरून फोनवर फिरणाऱ्या एका मजकुरात प्राचीन ग्रीक कवी होमरचं ‘इलियड’ हे महाकाव्य पाच-सहा ओळींत उरकलेलं असतं. एका बाईपायी दहा वर्षं चाललेलं युद्ध. टाच सोडून कुठेच इजा न होणारा नायक अकिलीस. ट्रॉयचा खलनायक हेक्टर. शेवटी लाकडी घोडा आणि ग्रीकांचा विजय. वर शेरा असा, की तीच ती विशेषणं सारखी येत राहतात, ती गाळली तर काही बिघडत नाही. हे वाचून ज्यांनी इलियड हातात घेणं टाळलं असेल, त्यांच्याकरता हे लिहितो आहे.

घोडा आणि टाच यांना फार वेळ लागणार नाही. इलियडमध्ये लाकडी घोडा नाही. ट्रॉय पडतच नाही. घोड्याची गोष्ट होमरच्या ‘ओडिसी’त जुनी आठवण म्हणून येते, तिचं गाजलेलं सविस्तर वर्णन रोमन कवी व्हर्जिलचं, म्हणजे कितीतरी शतकं नंतरचं. आईने टाचेला धरून स्टिक्स या पाताळातल्या नदीत बुडवलेलं बाळ अकिलीस तर त्याहूनही उशिरा, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन कवी स्टेशियसच्या काव्यात भेटतं. होमरच्या अकिलीसला जखम होते. एकविसाव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूच्या अ‍ॅस्टेरोपिअसचा भाला त्याच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त वाहतं. इथे राहून लढलो तर तरुणपणीच मरणार, हे त्याला माहीत आहे. त्याला अभेद्य करून टाकलं, की त्याच्या निर्णयाची सगळी किंमतच जाते.

आता ‘एका बाईपायी’. ग्रीक राजाची बायको हेलन ट्रॉयला नेली गेली आणि तिच्यावरून युद्ध पेटलं हे खरं, पण काव्य त्या युद्धाची हकिगत सांगत नाही. त्याचा पहिला शब्द आहे ‘मेनिन’, म्हणजे क्रोध. साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींत दहाव्या वर्षातले जेमतेम पन्नासएक दिवस येतात. भांडण आहे दोन ग्रीकांचं. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याला युद्धात पकडलेली क्रायसेइस परत करावी लागते, त्याची भरपाई म्हणून तो अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदी बाई ब्रिसेइस हिसकावतो, अकिलीस लढायचं थांबवतो आणि त्याचीच माणसं मरू लागतात. हेलनही नुसतं निमित्त नाही. तिसऱ्या सर्गात ती पहिल्यांदा दिसते तेव्हा हातमागावर बसलेली असते, आणि आपल्यापायी चाललेल्या लढाया वस्त्रात विणत असते. हे युद्ध पाहून त्याचं चित्र करणारी ती काव्यातली पहिली व्यक्ती आहे.

हेक्टरला खलनायक म्हटलेलं मला सगळ्यात जास्त लागतं. सहाव्या सर्गात तो रणातून शहरात येतो, वेशीपाशी बायको अँड्रोमकी भेटते. तुझ्याशिवाय मला कोणी नाही, असं ती सांगते. तो बाळाला घ्यायला हात पुढे करतो, तर बाळ ओरडून दाईच्या कुशीत तोंड लपवतं. ब्राँझचं चकाकतं शिरस्त्राण आणि त्यावर हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून ते घाबरलेलं असतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मगच पोराला उचलून त्याची पापी घेतो.

विशेषणांचा मुद्दा इथेच सुटतो. हेक्टरचं नेहमीचं विशेषण ‘झळकत्या शिरस्त्राणाचा’ हेच आहे, आणि बाळ घाबरण्याच्या तीसएक ओळी आधीही ते आलेलं आहे. कानावरून गेलेला शब्द एकदम वस्तू होतो आणि लेकराला भिववतो. ही विशेषणं मुळात तोंडी गाणाऱ्यांची सोय होती, यात वाद नाही. अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरीने 1930च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या लोकगायकांचं गाणं ध्वनिमुद्रित करून ही रीत अभ्यासली. त्यांतल्या अवदो मेजेदोविचने 1935 साली बारा हजारांहून अधिक ओळींचं काव्य तोंडी सांगून उतरवून दिलं. पण सोय म्हणजे भरताड नव्हे. अकिलीस रुसून तंबूत बसलेला असतानाही ‘चपळ पायांचा’ असतो. जिवलग मित्र पॅट्रोक्लसला हेक्टरने मारल्यावर ते पाय धावू लागतात आणि बाविसाव्या सर्गात तो ट्रॉयच्या तटाभोवती तीनदा हेक्टरचा पाठलाग करतो, तेव्हा इतका वेळ ऐकलेल्या त्या शब्दाने पोटात गोळा येतो.

त्याच वेळी घरात अँड्रोमकीही मागावर बसलेली असते. हेक्टर दमून येईल म्हणून तिने दासींना अंघोळीचं पाणी तापवायला सांगितलेलं असतं. तटावरून रडणं ऐकू येतं आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो.

राहिला ग्रीकांचा विजय. शेवटच्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा, हेक्टरचा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या अकिलीसच्या हातांची चुंबनं घेतो. तुझ्या बापाला आठव, म्हणतो. मग दोघं रडतात: एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. अकिलीस हेक्टरचं प्रेत परत देतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील ते विचारतो आणि तेवढे दिवस लढाई थांबवायचं वचन देतो. ट्रॉयच्या बायका विलाप करतात, त्यात सर्वांत शेवटी हेलन; या घरात हेक्टरने मला कधी टाकून बोललं नाही, असं ती म्हणते. ग्रीकांचं हे काव्य संपतं ते शत्रूच्या दफनावर, आणि मूळ ग्रीकमध्ये त्याचा अगदी शेवटचा शब्द हेक्टरचं एक विशेषण आहे: ‘घोड्यांना माणसाळवणारा’.