ठासणीच्या नळीला पाणीच लागतं: फिरत्या मेसेजला उत्तर

‘बंदुकीचं तेल म्हणजे लूट, घरातल्याच वस्तू वापरा’ असा एक लांबलचक मेसेज खानापूर-बेळगाव भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. आता तो आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी खोबरेलाची बाटली बंदुकीशेजारी आणून ठेवली. म्हणून हे लिहितोय. पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक (दारू तोंडातून ठासून भरायची) किंवा काडतुसाची बारा बोअरची एकनळी ज्यांच्या घरात आहे, त्यांनी हे वाचावंच.

मेसेज म्हणतो: ‘नळीला पाणी कधीच लावू नका, गंजते. बार काढला की खोबरेलाचा बोळा फिरवा, बस्स. फौजेतही असंच करतात.’

ठासणीच्या बंदुकीचा याहून मोठा घात नाही. काळ्या दारूत 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. ती जळली की निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घनच राहतो. त्यातला काही धुराबरोबर उडतो आणि उरलेला काळा चिकटा होऊन नळीत बसतो. हा चिकटा म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. ते हवेतलं पाणी ओढतात. कणकुंबी-जांबोटीकडे आषाढात काडेपेटीची काडीसुद्धा ओढत नाही, तिथे नळीतल्या क्षाराचं काय होत असेल? हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून तेल फिरवलं की क्षार तेलाखाली तसाच राहतो, दमट हवा तेलातूनही आत शिरते आणि लोखंड खालून खात जाते. तोंडाशी नळी चकचकीत दिसते आणि बुडाशी, निपलजवळ (ठिणगी आत नेणारी बारीक भोकाची कळ, हिच्यावर केप बसते), खड्डे पडतात. दाब सगळ्यात जास्त नेमका तिथेच असतो.

फौजेचं नाव घेता, तर तिथलंच ऐका. थ्री-नॉट-थ्री रायफलच्या काळात काडतुसाच्या टोपीत (बुडाचा ठिणगी देणारा भाग) क्लोरेट हा क्षार असायचा, म्हणून गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. तेल त्यानंतर. याचं कारण अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी 1922 मध्ये मांडलं: टोपीतल्या क्लोरेटचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, आणि तेलाच्या थराखालीही तो गंज चढवतो. त्याला काढतं ते पाणी.

आता करायचं काय ते सांगतो. आधी केप, म्हणजे निपलवरची ठिणगी देणारी छोटी टोपी, काढा. मग गज (दारू ठासायची काठी) नळीत बुडापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, गज बाहेर काढून नळीशेजारी लावा. टोक निपलच्या जागेपर्यंत पोचलं नाही तर आत बार भरलेला आहे. तिथेच थांबा, गावठी उपायाने उकरत बसू नका, जाणत्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. रिकामी असेल तर निपल काढा. नळी दस्त्यातून निघत असेल तर काढा. हाताला सोसेल इतकं गरम पाणी, लिटरभर, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब. बूड बादलीत बुडवून गजाला घट्ट चिंधी लावा आणि पंपासारखा वर-खाली ओढा. काळं पाणी संपेपर्यंत पाणी बदला. शेवटी साधं गरम पाणी. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, शेवटची कोरडी निघेपर्यंत. इथे हात रेंगाळला तर तासाभरात नळीला तांबूस पडदा धरतो. नंतर चिंधीवर तीन-चार थेंब तेल. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवा. तांबूस आली तर पुन्हा तेल. काळी आली तर धुणंच अपुरं झालंय.

खोबरेलात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. काळ्या दारूचा चिकटा वनस्पती तेलाने मऊ राहतो, म्हणून चिंधीला ते लावणारे आहेत. पण साठवणीसाठी नाही. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं. डिसेंबरात पहाटे बाटलीत बघा. पुढे ते खवटतं आणि घोड्याच्या कप्प्यात चिकट होऊन बसतं. पैसेच वाचवायचे असतील तर शिलाई मशीनचं स्वच्छ खनिज तेल घ्या. ते पातळ असतं, म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुसून पुन्हा लावा. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची असेल तर मात्र जाडसर गंजरोधक तेलच हवं, तिथे तुमच्यासाठी कोणी चिंधी फिरवत नाही.

डब्ल्यूडी-40 हा डब्यातला फवारा ‘सगळ्यावर एकच उपाय’ नाही. नावातच लिहिलंय: पाणी हटवणारा चाळिसावा प्रयत्न, 1953 चा. रताळ्याच्या रानातून भिजून आलात तर फवारा, पुसा आणि मग खरं तेल लावा. त्यातला पातळ द्राव उडून जातो आणि मागे थोडासाच थर उरतो.

पेट्रोलने धुणं हा तर वेडेपणा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जाते. रॉकेलचं ठीक आहे, जुन्या शस्त्रकारखान्यांच्या मिश्रणांतही ते असायचं, पण ते क्षार काढत नाही आणि मागे संरक्षणही ठेवत नाही. लोखंडी घासणी नको, पितळी ब्रश घ्या.

‘तेल भरपूर सोडा’ हेही चूक. निपलमध्ये तेल राहिलं की केप फुटते आणि बार उडत नाही. असं झालं तर तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा, बार उशिराही उडू शकतो. भरण्याआधी नळी आणि निपल कोरड्या चिंधीने पुसा. ठेवताना नळीचं तोंड खाली ठेवा, नाहीतर तेल उतरून दस्त्याचं लाकूड मऊ पडतं.

एकनळीत आजकालची बिनधुराची काडतुसं वापरत असाल तर पाण्याची गरज नाही. नळी साफ करायचा द्राव, ब्रश, कोरडी चिंधी, तेल आणि बिजागरीला एक थेंब, एवढंच. काडतुसं मात्र कोरड्या फडक्यानेच पुसा. मेसेज त्यांनाही तेल लावायला सांगतो. ते तेल बुडाच्या टोपीत झिरपलं की काडतूस फुसकं निघतं.